वाटे पाडणारा देवराम

माझे सासरे देवराम भोये वर्षभर आपल्याच अंगणातल्या नळाचं पाणी प्यायले नाहीत. नळ त्यांनीच आणलेला. माझी सासू भागीबाई त्या नळाच्या पाण्यात भात शिजवायची आणि तो भात ते मुकाट्यानं खायचे. पण तहान लागली की तांब्या उचलायचे आणि चढण चढून वरच्या पाड्यावर जायचे. सत्तरीकडे झुकलेला माणूस, भर उन्हात, तांब्याभर पाण्यासाठी!

"मामा, भातात तेच पाणी असतं की," मी एकदा बोललो. जावयाला असला आगाऊपणा शोभत नाही, पण माझी जीभ पहिल्यापासूनच सैल.

"भात तुझी मामी वाढती," ते म्हणाले. "नळ मला माझ्या हातानं सोडावा लागतो."

हे कळायचं तर या माणसाची गावातली जागा आधी कळायला हवी.

माझी सासरवाडी नाशिककडच्या पेठ तालुक्यातल्या डोंगरात. गावाचे दोन पाडे. खालचा मोठा, शाळा, दुकान, रस्ता सगळं तिथंच. वरचा पाडा म्हणजे टेकाडावरची दहाबारा घरं. दोन्हींच्या मध्ये, वरच्या पाड्याच्या पायथ्याशी, खडकातून पाझरणारा एक झिरा आहे. खालच्या विहिरी होळीआधीच तळ दाखवतात, मग दोन्ही पाड्यांच्या बायका त्याच झिऱ्यावर हंडे लावतात.

होळीच्या दुसऱ्या दिवशी सगळं गाव मिळून नदीच्या डोहात मासे धरतं. मासळी वाळूवर ओतली की देवराम पुढे व्हायचे. जितकी घरं तितकी सागाची सुकी पानं मांडायची आणि प्रत्येक पानावर एक वाटा घालायचा. इथं एक मोठा मासा पडला तर तिथं दोन मध्यम, वर मूठभर चिल्लर. मग वरच्या पाड्यातलं कुणीतरी वाट्यांकडे पाठ करून उभं राहायचं. देवराम एका वाट्यावर काठी टेकवून विचारणार, "हा कुणाचा?" पाठमोरा माणूस न बघता एका घराचं नाव घेणार. वाटे पाडणारा खालचा, नाव घेणारा वरचा, म्हणजे संशयाला जागाच नाही. वाटे पाडणाऱ्याचं घर सगळ्यांत शेवटी, जे उरेल ते त्याचं. आणि एखादं घर यायचं राहिलं असेल, तर जांभळाच्या डहाळ्यांनी सगळे वाटे झाकायचे आणि वाट बघत बसायचं. ते घर आल्याशिवाय कुणी पान उचलायचं नाही.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच होळीला वरच्या पाड्यातला कोंडाजी चुकलेला बैल शोधायला रानात गेला होता. सगळं गाव दुपार टळेपर्यंत ताटकळलं. माझ्या पोटात कावळे ओरडत होते आणि मनातल्या मनात मी त्या बैलाची आईबहीण काढत होतो. मामा मात्र डहाळीनं माशा हाकत शांत बसले होते. "एक घर ऱ्हायलंय" एवढंच म्हणत होते. गावात त्यांचा मान होता तो एवढ्याचसाठी. शेत बेताचं, शिक्षण नाही, सरपंच कधी झाले नाहीत. पण देवरामनं पाडलेला वाटा कुणी उलटून बघत नसे.

आता माझं. मी नाशिकरोडला राहतो आणि एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर कंत्राटी कामगार आहे. घरी आलो की माझ्या रुमालातूनही काळं निघतं. त्यामुळं सासऱ्याच्या गावाला हवामान बदलाचे पैसे येणार असं बायको मोहिनीनं सांगितलं, तेव्हा आमच्याकडे बरीच थट्टा झाली. जावई धूर करणार आणि सासरा त्याची भरपाई घेणार, म्हणजे सगळं घरातल्या घरातच!

पाऊस बदलला होता हे खरं. पूर्वी झिमझिमत राहायचा, आता आठवडाभर गायब होतो आणि मग एका रात्रीत नागलीची रोपं मातीसकट धुऊन नेतो. झिरा मेपर्यंत टिकायचा, तो आता आधीच आटू लागला होता. नाशिकच्या एका संस्थेच्या हर्षाली मॅडम गावात यायच्या. त्यांनी समजावलं, की ज्या देशांनी पिढ्यान्‌पिढ्या धूर केला त्यांनी आपल्यासारख्यांना पैसे द्यायचे ठरवलंय. पैसे आले, पण ते कशावर खर्च करायचे हेही तिकडूनच ठरून आलं. चौकात सौरदिव्याचा खांब उभा राहिला, तो दुसऱ्या पावसाळ्यात विझला. कसलीशी रोपं आली, ती शेळ्यांनीही खाल्ली नाहीत. गावातल्या प्रत्येकाला एकेक टोपी मिळाली. पाण्याचं काय, असं विचारलं तर उत्तर एकच: ते या योजनेत बसत नाही.

पुढे नाशिकच्या एका हॉटेलात हे पैसे देणाऱ्या लोकांची मोठी बैठक होती. मामांना मीच मोटारसायकलवर घेऊन गेलो. पडद्यावर गोल गोल आकृत्या फिरत होत्या. गावकऱ्यांचं मनोगत म्हणून माइक फिरत फिरत त्यांच्यापुढं आला. हर्षाली मॅडमनी त्यांच्यासाठी चार गोड वाक्यं तयार ठेवली असावीत. मामांनी माइक दोन्ही हातांनी धरला.

"आमच्यात वाटे पाडणारा एक आस्तो, पाठ करून नाव घेणारा दुसरा," ते म्हणाले. "तुमच्यात वाटे तुमीच पाडता, नावं तुमीच घेता, आन्‌ आमाला सांगता, हा तुमचा वाटा, गोड मानून घ्या. मॅडम म्हणत्यात हे पैसे धूर करणाऱ्यांचे. म्हणजे दंडच की! दंड भरणारा कधी सांगतो का, दंडाच्या पैशाचं काय करायचं?"

भाषांतर झालं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. पैसे देणाऱ्यांतली एक परदेशी बाई तर उभीच राहिली. परतताना मामा मागच्या सीटवर ताठ बसले होते. अभिमानानं माझीही छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

दोन वर्षांनी खरंच बातमी आली. निधीचा पुढचा हप्ता थेट गावाच्या समितीकडे येणार, काय करायचं ते समिती ठरवणार. आधी काही गावांत करून बघणार होते, त्यांत आमचं एक. समितीचा अध्यक्ष कोण हा प्रश्नच नव्हता. खालचा पाडा आणि वरचा पाडा, दोघांनी मिळून देवरामचं नाव घेतलं.

आणि इथंच माशी शिंकली.

आराखडा ठरवायची सभा पडली जानेवारीत. जानेवारीत वरचा पाडा गावात नसतो. द्राक्षं तोडायला सगळी माणसं पिंपळगाव बसवंतकडं जातात, बागेच्या बांधावर पालं ठोकून राहतात आणि होळीला परततात. त्यांच्या टोळीची मुकादम कुसाबाई. विधवा बाई, आवाज खणखणीत, बागाईतदाराशी मजुरीवरून भांडून पुन्हा त्याच्याच घरचा चहा पिऊन येणारी. दरवर्षी नदीवर पाठ करून नावं घ्यायची ती हीच.

सभेत भागीबाई होती, तिच्याकडूनच मला सगळं कळलं. हर्षाली मॅडम स्वतः म्हणाल्या होत्या, "वरच्या पाड्याचं कुणीच नाही. होळीपर्यंत थांबूया का? मी वरिष्ठांना कळवते." थांबता आलं असतं. नाहीतर पिंपळगावला एक जीप पाठवली असती, तरी काम झालं असतं. पण मामा म्हणाले, "थांबलो तर ते म्हणतील, बघा, गावाच्या हातात दिलं आन्‌ गावाला ठरवताच येत नाय. वरच्यांचं काय, त्यांच्या वतीनं मी हाय ना."

ठरलं असं: झिऱ्यावर सिमेंटची टाकी बांधायची, वर झाकण, आणि पाइपानं पाणी खालच्या पाड्यात आणायचं. उताराचं पाणी, पंपाचाही खर्च नाही. खालच्या बायकांची चढण वाचणार. माझ्या सासूचे गुडघे गेलेत, तिला तर हे स्वप्नच वाटलं. मामांच्या मनात लोभ नव्हता, हे मी कुठंही शपथेवर सांगेन. पण वरच्या पाड्याचं काय, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात शिरलाच नाही. आयुष्यभर जो माणूस एका घरासाठी वाटे झाकून बसला, त्यानं इथं दहाबारा घरं नसताना पानं उचलली.

काम झपाट्यानं झालं. गुरं, माकडं पाणी घाण करतात म्हणून झाकणाला कुलूप लावलं. किल्ली आमच्या सासऱ्यांच्या घरी खुंटीला.

'त्यांच्या वतीनं मी हाय ना' हे मामांचं वाक्य फोनवरून पिंपळगावला पोचलं होतं. ते ऐकून कुसाबाई पालातल्या बायकांना म्हणाली होती, "देवरामदादा हाय ना, मग काळजी नाय." ही गोष्ट मला पुढं कळली, आणि मामांनाही. सगळ्यांत जास्त लागली ती हीच.

होळीच्या संध्याकाळी वरचा पाडा परतला. बायका हंडे घेऊन झिऱ्यावर गेल्या तर समोर सिमेंट आणि कुलूप. गुरांची दगडी डोणी कोरडी ठणठणीत. मी आणि मोहिनी सणाला आलो होतो, अंगणातच बसलो होतो. कुसाबाई रिकामा हंडा काखेत घेऊन दारात आली. भांडणाचा सूर नव्हता.

"वयनी, किल्ली द्या. पाणी भरायचं हाय."

भागीबाईनं खुंटीवरची किल्ली काढून दिली. चार पावलांवर नळ गळत होता, त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "इथंच भर की," असं म्हणायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण तिचं धाडस झालं नाही. मामा आत होते. बाहेर आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी नदीवर मासळी चांगली पडली. वरच्या पाड्याची सगळी माणसं आली. मामांनी पानं मांडली, वाटे घातले. हात सवयीनं चालत होते, नजर मात्र वर उठत नव्हती. कुसाबाई पाठ करून उभी राहिली. मामांनी पहिल्या वाट्यावर काठी टेकवली.

"हा कुणाचा?"

"देवरामदादाचा."

दोनतीन पोरं हसली. वाटे पाडणाऱ्याचं नाव पहिलं कधीच येत नाही. मामांनी काठी पुढच्या पानावर नेली. "हा कुणाचा?"

"देवरामदादाचा."

तिसरा. "देवरामदादाचा." चौथा. "देवरामदादाचा." आता कुणी हसत नव्हतं. काठी थांबली.

कुसाबाई न वळताच बोलली, "आमच्या वतीनं तुमी हाय ना? पाणी आमच्या वतीनं तुमीच प्यालात. मासळीबी आमच्या वतीनं तुमीच खा." आणि तशीच, मागं न बघता, टेकाडाकडं चालू लागली. तिच्यामागं सगळा वरचा पाडा गेला.

तेवढी घरं उठून गेल्यावर खालच्यांनी पान कसं उचलायचं? नियम देवरामनंच शिकवलेला. कुणी हात लावला नाही. मामांनी जांभळाच्या डहाळ्यांनी वाटे झाकले आणि ऊन कलेपर्यंत तिथंच बसून राहिले. वरून कुणी आलं नाही. ती मासळी शेवटी कुत्र्यांनी खाल्ली. मी आयुष्यात पुष्कळ माणसांचा पाणउतारा पाहिलाय, ठेकेदारांच्या शिव्या स्वतः खाल्ल्यात. पण तसं शरमेनं काळंठिक्कर पडलेलं तोंड मी दुसरं पाहिलं नाही. घरी येताना ते मला म्हणाले, "जावईबापू, दुसऱ्या कुणी लुबाडलं आसतं तर तिनं माझ्याकडं येऊन सांगितलं आसतं." झाकणाचं कुलूप त्यांनी त्याच संध्याकाळी काढून टाकलं. तांब्या घेऊन वर जाणं सुरू झालं ते दुसऱ्या दिवसापासून.

वर गेलं म्हणजे काय व्हायचं? झिऱ्याशी बायकांची रांग असायची. मामा रांगेच्या शेवटी उभे राहायचे. कुणी बोलायचं नाही, कुणी हाकलायचंही नाही.

एप्रिलात पाहणीचे पाव्हणे येणार होते. नाशिकला टाळ्या वाजवणारी परदेशी बाई आणि दिल्लीचे एक साहेब. गावांच्या हाती पैसा ठेवायचा की पुन्हा वरूनच ठरवायचं, हे या पाहणीवर ठरणार होतं, आणि फक्त आमच्या गावापुरतं नाही. हर्षाली मॅडम आदल्या दिवशी घरी येऊन बसल्या. त्या बाईचं मला वाईटच वाटतं. गावांच्या हाती पैसा द्या म्हणून त्या स्वतःच्या वरिष्ठांशी भांडल्या होत्या.

"काका, उद्या फक्त नळ दाखवू," त्या हळूच म्हणाल्या. "वरच्या पाड्याचं आपण नंतर नीट करू, माझा शब्द. पण उद्या हे बाहेर आलं ना, तर ते म्हणतील, गावांना जमत नाही. बाकीच्या गावांचंही जाईल. त्यांचा काय दोष?"

त्या गेल्यावर मामा मला म्हणाले, "झाकलं तर लाज, उघडलं तर नुकसान." मी म्हणालो, झाका. मला तेव्हा तेच शहाणपणाचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पाव्हण्यांना नळ दाखवून झाला. फोटो झाले. मग मामा म्हणाले, "आता वर चला." हर्षाली मॅडमनी डोळे मिटून घेतले. सगळे चढण चढून झिऱ्यावर आले. वरच्या पाड्याची माणसं आधीच जमली होती. मामांनी सकाळीच निरोप धाडला होता.

"नाशिकला मी तुमाला लय बोललो," मामा म्हणाले. "वाटे तुमीच पाडता, आमाला इचारत नाय, आसं म्हणालो. मग माझ्या हातात आलं. मीबी नाय इचारलं. ह्या घरांचं पाणी मी खाली नेलं. कुणा सायबानं नाय, मी. मला तोंड दाखवायला जागा नाय ऱ्हायली."

हर्षाली मॅडम भाषांतर करत होत्या. शेवटच्या वाक्याशी अडल्या, मग तेही सांगितलं. परदेशी बाई टाकीकडं बघत राहिली. दिल्लीच्या साहेबांनी चष्मा पुसला आणि हिंदीत विचारलं, मग हे सगळं आमच्याच हाती होतं तेच बरं होतं, असं तुमचं म्हणणं आहे का?

मामांची मान खालीच होती. उत्तर दिलं कुसाबाईनं.

"नाय," ती म्हणाली. "ह्यानं चूक केली तर ह्याच्यावर आमाला रागावता येतं. होळीला भर लोकांत ह्याला मान खाली घालाया लावता येतं. तो खांब बघितला का चौकातला? कधीचा विझलाय. तुमच्यावर रागवायचं तर आमी कुठली गाडी पकडायची?"

साहेब कागदावर काहीतरी लिहून घेऊन गेले.

पुढं काय झालं? चमत्कार नाही झाला. चार महिने काहीच कळलं नाही. मग पैसा गावाकडेच राहिला, जोडीला अटींचं लटांबर आलं आणि दर सभेला दोन्ही पाड्यांची हजेरी सक्तीची झाली. ही अट मामांनीच सुचवली होती. नवा आराखडा कुसाबाईच्या दारात ठरला, दिवाळीत, टोळी निघायच्या आधी. सूर्यावर चालणारा पंप लावून पाणी आधी वर चढवायचं, डोणी भरायची, उरेल ते खाली सोडायचं. आमच्या अंगणातला नळ आता दिवसाआड येतो, तोही करंगळीएवढा. भागीबाई एका शब्दानंही कुरकुरली नाही. मामा मात्र तांब्या घेऊन वर जातच राहिले. वरची पोरं एव्हाना त्यांच्याशी बोलायला लागली होती, तरी ते रांगेत शेवटीच उभे राहायचे.

यंदा होळीला मी रजा काढून गेलो. मासळी वाळूवर ओतली गेली आणि सगळ्यांनी सवयीनं मामांकडं पाहिलं.

"माझा हात गेला," ते म्हणाले. "वाटे कुसाबाय पाडंल. मी पाठ करतो."

कुसाबाईनं आढेवेढे घेतले नाहीत. पदर खोचला, पानं मांडली. मामा नदीकडं तोंड करून उभे राहिले. ती विचारत गेली, ते नावं घेत गेले. आधी वरच्या पाड्याची घरं, एकेक करून, मग खालची. शेवटी दोन पानं उरली.

"हा कुणाचा?"

"कुसाबायचा."

"माझा शेवटचा. नियम तुमचाच हाय," ती म्हणाली. "हा कुणाचा?"

उरलेलं घर त्यांचंच होतं आणि ते नाव त्यांच्या तोंडातून निघत नव्हतं. पाठमोऱ्या माणसाचा चेहरा दिसत नाही, पण त्यांचे खांदे हलत होते ते सगळ्यांना दिसत होतं.

कुसाबाईनं काठी खाली ठेवली. "एक घर यायचं ऱ्हायलंय," ती मोठ्यानं म्हणाली. "झाका रे वाटे."

पोरांनी जांभळाच्या डहाळ्या तोडून आणल्या. सगळे वाटे झाकले गेले. दोन्ही पाडे वाळूवर बसले. ऊन चढलं, पोरं भुकेनं किरकिरायला लागली, तरी कुणी उठलं नाही. शेवटी भागीबाईनंच तोंड उघडलं.

"अवो, किती बसवता लोकांना? घ्या की नाव."

"देवरामचा," मामा म्हणाले. आवाज इतका बारीक, की मागच्यांना ऐकूच गेला नाही. कुसाबाईला गेला. तिनं डहाळ्या बाजूला केल्या आणि लोक पानं उचलायला वाकले.

घरी आल्यावर मासे धुवायला मामांनी स्वतः नळ सोडला. धार बारीकच होती. मासे धुऊन झाले तरी नळ चालूच होता. त्यांनी ओंजळ धरली की नाही ते मला माहीत नाही. मी मुद्दामच तिकडं पाठ केली होती.